किल्ली आणि कारभारी

घराचा मालक कोण, हे दारावरच्या पाटीवरून समजत नाही. पाटी पोस्टमनसाठी असते. खरा मालक ओळखायचा असेल तर किल्ल्या कोणाच्या हाती आहेत ते पाहावे. आपल्या भाषेला ही गोष्ट पुरती ठाऊक आहे. अमक्याच्या हाती सत्तेच्या किल्ल्या गेल्या, असे आपण म्हणतो. सत्तेची कुलपे गेली, असे कोणी म्हणत नाही. कुलूप बिचारे नेमल्या जागी लटकत राहते. हिंडते, हरवते, उसनी जाते आणि नको त्या हाती पडते, ती किल्लीच.

वाचकहो, दर आठवड्याला या सदरात मी शब्दांविषयी, पुस्तकांविषयी आणि क्वचित घरातल्या माणसांविषयी लिहीत असते. दिवाळी अंकासाठी संपादकांनी नेहमीपेक्षा चार पाने जास्त दिली आहेत, तेव्हा या खेपेला विषयही जरा आडवाटेचा घेते. विषय आहे संगणकाच्या किल्ल्यांचा. त्यातही, आपण एकदा सांभाळायला दिलेली किल्ली आपल्या पश्चात आपली आज्ञावली कशी वापरते, त्याचा. मराठीच्या बाईंना यात काय कळते, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आलेच असेल. माझे म्हणणे असे की, हा विषय निम्मा संगणकाचा आणि निम्मा व्याकरणाचा आहे. कसा, ते पुढे येईलच.

आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात गेली काही वर्षे शब्द गोळा करण्याचा उपक्रम चालतो. सुट्टीत विद्यार्थ्यांनी गावी जावे, आजी-आजोबांजवळ बसावे आणि शेतातले, स्वयंपाकघरातले, सुताराच्या हत्यारांतले जे शब्द शहरात कानावर पडत नाहीत, ते अर्थासह टिपून आणावेत. शब्द हजारांवर गेले, वह्या पुरेनात, आणि मग संगणक आला. संगणकाबरोबर घोटाळाही आला. 'शब्दसंग्रह अंतिम', 'शब्दसंग्रह अंतिम दोन', 'शब्दसंग्रह खरोखर अंतिम' अशा फायली निघू लागल्या. एका वात्रट मुलाने तर आपल्या फाईलीला 'हाच तो' असे नाव दिले. ज्या घरात लग्नाच्या आमंत्रणांची यादी तीन काकांनी मिळून केली असेल, त्या घराला हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही.

यावरचा उपाय सांगितला माझ्या पुतण्याने. तो पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे आणि आठवड्यातले तीन दिवस रात्री जेवायला आमच्याकडे असतो. आमटीची वाटी पुढे करीत तो म्हणाला, "काकू, तुम्ही हे सगळं गिटमध्ये का ठेवत नाही?"

गिट ही 'व्हर्जन कंट्रोल' नावाच्या व्यवस्थेची एक जात. व्हर्जन कंट्रोल म्हणजे काय, हे मला समजले ते जुन्या पेढीवरच्या कीर्दीवरून. कीर्दीत चूक झाली म्हणून मुनीम पान फाडत नाही की खाडाखोड करीत नाही. तो खाली दुरुस्तीची नवी नोंद घालतो. चूकही राहते आणि दुरुस्तीही राहते. तसेच येथे. कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या ओळीत काय बदलले, ते सगळे ओळीने राहते आणि हवे तेव्हा मागच्या कोणत्याही दिवशीचा मजकूर जसाच्या तसा काढता येतो. सबव्हर्जन नावाची अशी व्यवस्था २००० साली आकाराला येऊ लागली. गिट २००५ च्या एप्रिलात लिनस टॉरव्हल्ड्स यांनी रचले. लिनक्स या आपल्या संगणकप्रणालीच्या कामासाठी ते जी दुसरी व्यवस्था वापरीत होते, तिची फुकट सवलत बंद झाली, म्हणून त्यांनी स्वतःचीच घडवली. अडले की माणूस शोध लावतो, तो असा.

जिथे हा सगळा मजकूर इतिहासासह राहतो, त्या जागेला संगणकवाले रिपॉझिटरी म्हणतात. मी तिला कोठी म्हणते. आणि कोठी म्हटली की कुलूप आलेच.

आमचा शब्दसंग्रह कोठीत गेला. मुलांचे शब्द दिवसभर येत राहत. त्यांची रोज रात्री दोन वाजता अकारविल्हे सूची व्हावी, म्हणून माझ्या एका विद्यार्थ्याने आज्ञावली लिहिली. मुलगा एम. ए. मराठीचा, पण संगणकात तरबेज. आज्ञावलीने रात्री उठायचे, कोठी उघडायची, नवे शब्द घ्यायचे, सूची करायची. पण कोठी उघडायला पासवर्ड हवा. तो मला सहज म्हणाला, "मॅडम, पासवर्ड आज्ञावलीतच लिहून टाकतो. एका ओळीचं काम आहे."

हे मी रात्री जेवताना पुतण्याला सांगितले, तेव्हा त्याचा घास हातातच राहिला.

"काकू, ती आज्ञावली कुठे ठेवणार?"

"कुठे म्हणजे? कोठीतच."

"कीर्दीचं पान फाडत नाहीत, असं तुम्हीच म्हणता ना? मग त्याच पानावर तिजोरीचा आकडा लिहिलात, तर तो पुसणार कसा?"

हे एक वाक्य ऐकले आणि सगळा विषय माझ्यापुढे लख्ख उभा राहिला. व्हर्जन कंट्रोलचा गुण आहे विसर न पडणे. परंतु गुपिताच्या बाबतीत हाच गुण घातक ठरतो. आज चूक लक्षात आली आणि पासवर्डाची ओळ पुसली, तरी कालचे पान कोठीत आहेच. शिवाय गिटची तऱ्हा अशी की, जो कोणी कोठीची प्रत आपल्या संगणकावर घेतो, त्याच्याकडे सहसा सगळा इतिहासही जातो. म्हणजे पासवर्ड एका कागदावर उरत नाही. जितक्या प्रती, तितक्या घरी तो पोचतो. अशा वेळी पुसापुशी करण्याआधी ते कुलूपच बदलावे लागते.

ही भीती पोकळ नाही. उबर या मोटारी पुरवणाऱ्या अमेरिकन कंपनीचे प्रकरण २०१६ साली घडले. दुसरीकडच्या चोऱ्यांतून आधीच फुटलेले पासवर्ड काही भामट्यांच्या हाती होते. कंपनीच्या अभियंत्यांनी तेच शब्द गिटहबवरही वापरलेले असल्यामुळे ते लावून भामटे कंपनीच्या खाजगी कोठीत शिरले. आत पाहतात तो आज्ञावलीच्या मजकुरात माहितीच्या मोठ्या साठ्याची किल्ली साध्या अक्षरांत लिहिलेली. त्या किल्लीने ५ कोटी ७० लाख प्रवाशांची आणि चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. कंपनीने त्यांना एक लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवू पाहिले, वर्षभर तोंड मिटून ठेवले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात ते उघड केले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी तडजोड करताना १४ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले. एका ओळीचे काम ते हे!

मग पासवर्ड लिहायचा नाही, तर आज्ञावलीने कोठी उघडायची कशी? रात्री दोन वाजता उठून तिला कोण सांगणार?

याचे उत्तर आपल्या जुन्या घरांत होते. माझ्या सासूबाईंच्या कमरेला चांदीचा छल्ला असे आणि त्याला घरातल्या सगळ्या किल्ल्या. दिवाळीच्या आधी फराळाला चार बायका मदतीला येत. कोणाला कोठीतून रवा हवा असे, कोणाला फडताळातले तूप. सासूबाई त्यांना छल्ला देत नसत, आणि कोणती किल्ली कशाची हे भिंतीवर लिहूनही ठेवीत नसत. जिला जे हवे, तिने येऊन मागावे. त्या छल्ल्यातून तेवढी एक किल्ली काढून देत. काम झाले की किल्ली परत.

गिटमध्येही असा एक किल्ल्या सांभाळणारा असतो. त्याला 'क्रेडेन्शियल हेल्पर' म्हणतात. ही सोय २०१२ च्या जानेवारीत आली. आपण एकदा नाव आणि पासवर्ड द्यायचा. पुढे तो सांभाळतो. आणि आज्ञावलीने आपल्या पोटात पासवर्ड न बाळगता त्याच्याकडे मागणी करायची. त्या मागणीची रीतही मोठी शिस्तीची आहे. 'गिट क्रेडेन्शियल फिल' अशी आज्ञा द्यायची, खाली मार्ग कोणता आणि घर कोणाचे ते लिहायचे, एक ओळ कोरी सोडायची. उत्तरादाखल नाव आणि पासवर्ड येतो. कुलूप उघडले, तर 'अप्रूव्ह' म्हणून कळवायचे. म्हणजे ही किल्ली चांगली, जपून ठेव. कुलूप उघडले नाही, तर 'रिजेक्ट' म्हणायचे. म्हणजे ही जुनी झाली, फेकून दे. मागणे, वापरणे आणि निकाल कळवणे. आपल्या कार्यालयांत एवढी शिस्त असती तर आणखी काय हवे होते!

पण सांभाळणारे सगळे सारखे नसतात. एक जण किल्ली फक्त डोक्यात ठेवतो आणि वेगळे काही सांगितले नसेल तर पंधरा मिनिटांत विसरतो. समोर बसून काम करणाराला तो उत्तम; रात्री दोनच्या कामाला निरुपयोगी. दुसरा किल्ली कायमची ठेवतो, पण साध्या अक्षरांत एका फाईलीत लिहून. ती फाईल ज्याला उघडता आली, त्याला सगळे मिळाले. तिसरा संगणकाच्या मूळ प्रणालीतच असतो. विंडोजमध्ये, मॅकमध्ये, लिनक्समध्ये त्याची नावे वेगळी. पण तो किल्ल्या गूढलिपीत ठेवतो आणि त्या त्या माणसाने आपल्या नावाने संगणक उघडला असेल तरच देतो. सासूबाईंचा छल्ला तो हा तिसरा.

दुसऱ्या प्रकाराविषयी एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. संगणकावर पासवर्डाची पद्धत प्रथम रूढ केली, ती अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या मंडळींनी. १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनी एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था केली, तेव्हा प्रत्येकाला आपला गुप्त शब्द मिळाला. सगळ्यांचे शब्द एका फाईलीत साध्या अक्षरांत होते. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या संशोधकाने, आपल्याला संगणकावर जास्त वेळ मिळावा म्हणून, ती यादीच छापून घेतली. १९६६ साली तर कहर झाला. स्वागताच्या संदेशाची फाईल आणि पासवर्डांची फाईल यांची अदलाबदल झाली आणि जो कोणी आत येई, त्याचे स्वागत सर्वांच्या पासवर्डांनी होऊ लागले! साठ वर्षे होत आली, तरी साध्या अक्षरांत यादी ठेवण्याची खोड काही सुटलेली नाही.

एवढे सगळे समजून घेऊन आमच्या विद्यार्थ्याने आज्ञावली तिसऱ्या प्रकाराला जोडली. दिवसा करून पाहिले तर झकास चालली. रात्री मात्र सूची झालीच नाही. का, म्हणून तो दोन दिवस डोके खाजवीत होता. उलगडा पुन्हा पुतण्याने केला. दिवसा ती आज्ञावली विद्यार्थ्याच्या नावाने चालत होती. रात्री नेमलेले काम संगणक एका वेगळ्याच नावाने चालवीत होता. त्या नावाच्या छल्ल्याला एकही किल्ली नव्हती. शेजारच्या घरातल्या बाईने येऊन सासूबाईंकडे आमच्या कोठीची किल्ली मागावी, तर त्या कशा देतील? किल्ली मिळेना, तेव्हा गिटने अंधारात रिकाम्या पडद्यापुढे विचारले, 'नाव काय? पासवर्ड काय?' आणि उत्तराची वाट पाहत सकाळपर्यंत उभे राहिले. अशा कामाला आधीच बजावून ठेवावे लागते की, बाबा, किल्ली मिळाली नाही तर विचारीत बसू नकोस. मिळाली नाही असे लिही आणि परत ये. गिटमध्ये आणि सबव्हर्जनमध्येही तशी सोय आहे.

इथे सोपा मार्ग असा होता की, रात्रीचे कामही त्या विद्यार्थ्याच्याच नावाने चालवावे, म्हणजे त्याची साठवलेली किल्ली आपोआप मिळेल. बहुतेक ठिकाणी हेच करतात. आम्ही ते केले नाही. त्याचे कारण तांत्रिक नव्हते. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची गोष्ट मला ठाऊक होती.

ही मुलगी बी. ए. ला माझ्याकडे होती. मराठीत चांगले गुण मिळवून, पुढे संगणकाचा अभ्यास करून ती एका कंपनीत लागली. तिथे रात्री कागदपत्रे कोठीत नेऊन ठेवणारी एक छोटी आज्ञावली तिने केली. आज्ञावलीसाठी वेगळे खाते मिळायला अर्ज, शिफारस आणि सह्या यांत महिना गेला असता. म्हणून वरिष्ठांनीच सांगितले, तुझीच साठवलेली किल्ली वापर. तिने वापरली. काम दोन वर्षे बिनबोभाट चालले. पुढे तिने नोकरी बदलली. शेवटच्या दिवशी समोसे झाले, सगळ्यांच्या सह्यांचे कार्ड मिळाले. तिचे खाते बंद करायचे मात्र राहून गेले, आणि तो संगणक टेबलाखाली रोज रात्री तिच्या नावाने काम करीत राहिला.

तीन आठवड्यांनी एका रात्री त्या आज्ञावलीने अर्धवट मजकूर उचलला आणि चांगल्या मजकुरावर नेऊन ठेवला. सकाळी गोंधळ उडाला. सर्व्हरच्या नोंदीत पाठवणाराचे नाव पाहिले, तर तिचे. सोडून गेलेल्या मुलीने जाता जाता सूड घेतला, असे कोणीतरी म्हणाले, आणि म्हणता म्हणता ते खरे वाटू लागले. तिचे अनुभवपत्र अडवून ठेवले गेले. नव्या ठिकाणी ते दाखल करायचे होते. ज्या रात्री हे घडले, त्या रात्री ती मिरजेच्या एका दवाखान्यात वडिलांच्या खाटेशेजारी बसून होती.

ती माझ्याकडे आली, ती खुलाशाचे पत्र कसे लिहावे हे विचारायला. कागद पुढे घेऊन म्हणाली, "मॅडम, 'हे मी केलं नाही' असं लिहू? ते खोटं तर होणार नाही ना? आज्ञावली माझी होती. किल्ली माझी होती."

वाचकहो, व्याकरणाचा प्रश्न मला इतक्या कळवळून कोणत्याही वर्गात कोणी विचारलेला नाही.

आपल्या भाषेत क्रियापदाची एक सुंदर सोय आहे. 'करणे' आणि 'करवणे', 'बसणे' आणि 'बसवणे', 'लिहिणे' आणि 'लिहवणे'. स्वतः केले ते एक. दुसऱ्याकडून करवून घेतले ते दुसरे. या दुसऱ्याला व्याकरणकार प्रयोजक क्रियापद म्हणतात. शिवाय 'माझ्याकडून झाले' असा तिसराही प्रकार आहे, ज्यात हात माझा असला तरी मन माझे नव्हते. या तीन वाक्यांच्या फटींत माणसाची अब्रू राहते. सर्व्हरच्या नोंदवहीत ही सोय नाही. तिला एकच कर्ता ठाऊक: ज्याची किल्ली, तो. त्याने स्वतः केले की त्याच्या नावाने दुसऱ्या कोणी करवले, तो जागा होता की झोपलेला, नोकरीत होता की सोडून गेलेला, हे त्या वहीत लिहायला रकानाच नाही.

कायद्याला हा फरक कळतो. १८७२ चा भारतीय करार कायदा असे मानतो की, मुखत्याराने अधिकारात राहून केलेला व्यवहार मालकाला बांधतो; पण तोच कायदा असेही सांगतो की, मुखत्यारी काढून घेता येते आणि मालकाच्या मृत्यूने ती संपते. संगणकात साठवलेल्या किल्लीला असा शेवट आपोआप येत नाही. कोणी मुद्दाम काढून घेईपर्यंत ती चालत राहते.

त्या मुलीच्या पत्रात आम्ही तिन्ही क्रियापदे वापरली. काय तिने केले, काय तिने करवले आणि काय तिच्या नावावर झाले, ते एका पानात नीट लिहिले. तिच्या एका जुन्या सहकाऱ्याने, ती मजकुराची पाठवणी टेबलाखालच्या त्याच संगणकावरून, नेहमीच्याच वेळी झाली, हे नोंदींवरून दाखवून दिले. दोन महिन्यांनी अनुभवपत्र आले. त्याबरोबर दिलगिरीचा शब्दही आला नाही. पण तो येत नसतोच.

म्हणून, आमची सूची करणाऱ्या आज्ञावलीला त्या विद्यार्थ्याच्या नावाने चालवायचे नाही, असे मी निक्षून सांगितले. मग चालवायचे कोणाच्या नावाने? तिच्या स्वतःच्या!

खेड्यात बायको नवऱ्याला 'कारभारी' म्हणते. या शब्दात प्रेम आहे, तसा हिशेबही आहे. ज्याने कारभार करायचा, त्याला नाव हवे, म्हणजे बरे-वाईट त्याच्या खात्यावर लिहिता येते. आज्ञावलीचेही तसेच. गिटहबसारख्या ठिकाणी एकाच कोठीपुरती, वाटल्यास फक्त वाचण्यापुरती, अशी वेगळी किल्ली काढता येते. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने गिटच्या कामासाठी माणसाच्या खात्याचा पासवर्ड घेणेच बंद केले. त्याऐवजी 'टोकन' नावाची किल्ली काढावी लागते, किंवा एसएसएच पद्धतीची जोडकिल्ली वापरावी लागते. टोकनाला मुदत घालता येते, त्याचे अधिकार कमी करता येतात आणि एक टोकन रद्द केले तरी बाकीची शाबूत राहतात. आमच्या आज्ञावलीला आता एकाच कोठीची किल्ली आहे. तिने शब्द वाचायचे, पुसायचे नाहीत. सूची दुसरीकडे ठेवायची. ती किल्ली रात्रीच्या कामाच्या नावाने असलेल्या छल्ल्यात आहे, विद्यार्थ्याच्या नव्हे. दर तीन महिन्यांनी ती बदलायची, हे विभागाच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिले आहे. भिंतीवर तारीख लिहावी; आकडा लिहू नये.

आणखी एक बारकावा पुतण्याने दाखवला. गिटचा किल्ल्या सांभाळणारा मुळात फक्त वाड्याचे नाव पाहतो, आतल्या खोलीचे पाहत नाही. एकाच ठिकाणी आपल्या दहा कोठ्या असतील, तर तो दहाहींसाठी एकच किल्ली काढून देतो. खोलीही बघ, असे त्याला वेगळे सांगावे लागते. साठवलेली किल्ली पुन्हा वापरण्यात सोय आहे, ती नेमकी याच विसराळूपणामुळे. आणि धोकाही त्याचमुळे आहे.

कोणी म्हणेल, चार शब्दांच्या यादीसाठी एवढा बंदोबस्त कशाला? ती यादी चार शब्दांची नाही. एका मुलीने आपल्या आजीकडून जात्याच्या आणि उखळाच्या एकेका भागाची नावे लिहून आणली होती. ती आजी गेल्या पावसाळ्यात वारली. तिच्या तोंडचे ते शब्द आता आमच्या कोठीत आहेत आणि, माझ्या माहितीप्रमाणे, त्या घरात ते बोलणारे दुसरे कोणी उरलेले नाही. गिटचा इतिहास कितीही पक्का असला, तरी ज्याच्या हाती पूर्ण अधिकाराची किल्ली आहे, तो कोठीच्या कोठी काढून टाकू शकतो. असा अधिकार एखाद्या झोपाळू आज्ञावलीच्या हाती कशाला हवा? आणि काही विपरीत झालेच, तर त्या खाली एका वीस-बावीस वर्षांच्या पोराचे नाव का लागावे?

शिकलेल्या घरांतसुद्धा विश्वासाची एक चुकीची कल्पना असते. विश्वास आहे ना, मग सगळा जुडगाच दे, असे आपण म्हणतो. आणि एकच किल्ली दिली तर समोरचा रागावतो. फराळाला येणाऱ्या त्या बायका सासूबाईंवर कधी रागावल्याचे मला आठवत नाही. कोठीतला रवा कमी भरला, तर ज्यांना फडताळाचीच किल्ली दिली होती, त्यांच्याकडे कोणी बोट दाखवू शकत नव्हते. लहान किल्ली घेणाराचेही रक्षण करते, हे त्यांना न शिकवता कळलेले होते.

लक्ष्मीपूजनाला अजूनही अनेक घरांत आणि दुकानांत नवी वही पुजतात. आपल्या घरी वही नसेल, संगणक असेल. तर या दिवाळीत, जाळीजळमटे काढून झाली की, घरातल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि विचारा: या यंत्रात आपल्या कोणाकोणाच्या किल्ल्या साठवलेल्या आहेत? कोणती आज्ञावली, कोणाच्या नावाने, कोणते दार उघडते? सोडलेल्या नोकरीतली एखादी किल्ली अजून कुठे फिरत नाही ना? उत्तर द्यायला त्यांना थोडा वेळ लागेल. तोवर चकलीचा घाणा तळून होईल.